हसलो समजा

२०२२ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि नांदेड स्टेशनच्या स्टँडवर माझ्याएवढा जुना ऑटोवाला दुसरा नव्हता. शिक्षण चौथी. पण लिहिता-वाचता येतं, आणि हे मी स्वतः बसून लिहून राहिलो. सून म्हणाली, "मामंजी, मोबाईलमध्ये बोला, तो आपोआप लिहितो." म्हणलं, तुझ्या मोबाईलनं तोंडारे सरांना बघितलंय का? मग तो काय लिहिणार!

तर त्या उन्हाळ्यात एक गृहस्थ स्टेशनवरून माझ्या ऑटोत बसले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, वरच्या गुंडीतून लिंगाची चांदीची डबी जराशी दिसत होती. म्हणजे उदगीर-लातूरकडचे. मी बी तिकडलाच, शिरूर अनंतपाळचा, मला लगेच कळतं. त्यांनी कॉलेजचं नाव सांगितलं, बॅग मांडीवर घेतली, आणि मी ऑटो चालू करायच्या आत झोपले. डुलकी न्हाई. झोप. तोंड उघडं, मान बाजूच्या दांडीवर.

कॉलेजच्या गेटासमोर मी हाका मारल्या. हॉर्न दिला. काही फरक न्हाई. सकाळची वेळ आणि शिकवणारा माणूस असा! मी मनात म्हणलं, पिलेला हाय. पिलेल्या माणसाला मी गाडीत घेत न्हाई, हा माझा नियम, आणि तो नकळत मोडला गेला म्हणून मलाच राग आला. थोड्या वेळानं ते आपोआप जागे झाले. एकदम ताजे, आंघोळ करून आल्यासारखे.

"मामा, मला झोपेचा आजार आहे. दारू नाही."

"पिलेले बी हेच म्हणतेत."

त्यांनी चष्मा काढून पुसला, विचार केला. "बरोबर आहे. नुसत्या माझ्या सांगण्यावरून कसं ठरवणार तुम्ही?" असं म्हणून खाली उतरले आणि माझ्या नाकापुढं येऊन हाऽऽ करून श्वास सोडला. शेंगदाण्याच्या चटणीचा वास आला.

"आता तुमचा द्या," म्हणाले.

"माझा कशाला?"

"न पिलेल्या माणसाचा कसा असतो तेही बघायला पाहिजे ना. त्याशिवाय माझ्या वासाला काय अर्थ?"

आयुष्यात मला असं कुणी म्हणलं नव्हतं. मी दिला. तंबाखू होती तोंडात. सरांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, "माझा बरा आहे." आणि गेले आत शिकवायला. दुसऱ्या दिवसापासून त्यांना घरून कॉलेजला आणि कॉलेजातून घरी नेणं-आणणं माझ्याकडं लागलं. डॉक्टरनं त्यांना गाडी चालवायची बंदी केली होती, आणि सिटी बसमध्ये बसले की ते शेवटच्या स्टॉपवर जागे व्हायचे.

नाव मन्मथ तोंडारे. कॉलेजचं नाव मी लिहीत न्हाई, त्यांना आवडणार न्हाई. आता ते हैद्राबादला असतात, वैनी बी तिकडंच. फोन येतो. पण ते शोधून राहिलेत त्या औषधाची गोळी अजून बाजारात आलेली न्हाई. मी आमच्या चौकातल्या मेडिकलवाल्याला अधूनमधून विचारत असतो. तो म्हणतो, काका, नाव तर सांगा गोळीचं. मी म्हणतो, नाव ठेवलं की मी सांगतो, तू जागा तयार ठेव.

आजाराचा अर्धाच भाग सरांनी मला पहिल्या दिवशी सांगितला होता. राहिलेला आठवड्याभरानं कळला.

गोवर्धन घाटाच्या पुलाजवळ आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो होतो. मी बोलायला कमी न्हाई. मेव्हण्याच्या लग्नाचं सांगत होतो. मेव्हण्यासाठी भाड्यानं घोडी आणली होती. त्या घोडीला एकाच मंगल कार्यालयाची सवय. वरात चौकात आली, बँडवाले उजवीकडं वळले आणि घोडी मेव्हण्याला घेऊन डावीकडं. सरळ दुसऱ्याच्या लग्नात. तिथल्या बायका तयारच होत्या, त्यांनी ओवाळलं बी. आणि आमचा मेव्हणा असा भला, की ओवाळून झाल्यावर विचारतो, "आमचे लोक कुठं हायेत?"

सर "हा" म्हणाले. एकच. मग जबडा सुटला, हातातला ग्लास गेला, गुडघे मिटले, आणि माणूस चादर पडावी तसा खाली.

घाटावर माणसं काय, बोलवावी लागत न्हाईत. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल. कुणी म्हणे फिट हाय, कुणी म्हणे हार्ट हाय, एक म्हातारी म्हणे अंगात येऊन राहिलं, हळद-कुंकू आणा. अर्ध्या मिनिटात सर उठून बसले. पँट झटकली. आणि सगळ्यांकडं बघून अगदी वर्गात बोलावं तसं बोलले:

"कांदा ज्यांनी दिला त्यांचे आभार. चप्पल ज्यांची होती त्यांनी ती लवकर बदलावी. आणि मागून कुणीतरी म्हणालं, 'गेलं वाटतं बिचारं.' त्यांना सांगतो, अजून नाही."

मागचा माणूस पळालाच.

मग ऑटोत बसल्यावर त्यांनी सांगितलं. हसू आलं, लई आनंद झाला, की अंगातला जीव जातो. पण शुद्ध जात न्हाई. पडल्या-पडल्या सगळं ऐकू येतं. "मला हसू परवडत नाही, मामा," म्हणाले. आता मी विनोद सांगितला यात माझी काय चूक? विनोद चांगला होता, हे त्यांच्या पडण्यावरूनच दिसलं.

पण त्या दिवशी सरांच्या बायकोनं, शैलावैनींनी, मला दारातच अडवलं. बारीक अंगाच्या, पण आवाज आमच्या तहसीलदारासारखा. "मामा, तुम्ही लई हसवताव म्हणे. भायेर काय हसवायचं ते हसवा. ह्या दाराच्या आत आन् ह्यांच्यापुढं न्हाई." त्यांच्या घरात टीव्हीवर विनोदी काही लागलं की आवाज बंद. त्यांना एकच मुलगी होती, गौरी, पुण्याला नोकरी करायची. ती बी फोनवर बापाला गंमत सांगायची तर आधी विचारायची, "अप्पा, बसलेत का?"

मी तर दिवसातून दोनदा भेटणारा माणूस, आणि माझ्या तोंडाला कुलूप कुठलं! म्हणून सरांनी एक तोड काढली. मी काही बोललो आणि ते हसण्यासारखं असलं, की ते तोंड दगडासारखं करून, मृत्यूची बातमी द्यावी त्या आवाजात म्हणायचे, "हे चांगलं होतं मामा. हसलो समजा."

पहिल्या-पहिल्यांदा मला अपमान वाटायचा. नंतर सवय लागली. नंतर असं झालं, की खरं हसणारं गिऱ्हाईक भेटलं तर मलाच पटेना. वाटायचं, ह्याला समजलं न्हाई, उगा दात दाखवून राहिला. सरांचं 'हसलो समजा' दोन परीचं असायचं. एक नुसतं. आणि दुसरं म्हणजे आधी हसू दाबायला डोळे मिटून पुटपुटायचे, हायड्रोजन, हेलियम, लिथियम, असं काहीतरी, चार-सहा नावं, आणि मग म्हणायचे. ते दुसरं मिळालं की माझा दिवस चांगला जायचा.

वर्गात त्यांनी पोरांना सांगून ठेवलं होतं: "मला हसवलंत तर मी पडेन. पडलो तर तास बुडेल. पेपर मीच काढतो." पोरं गप. आणि मध्येच झोप लागली तर पोरं शांत बसून राहायची, कारण सर जागे झाले की वाक्य जिथं तुटलं तिथूनच पुढं न्यायचे, आणि ते अर्धं वाक्य परीक्षेत यायचं. ऑटोत बी तसंच. तरोडा नाक्यावर म्हणणार, "मामा, तुमच्या गुडघ्याला खरं म्हणजे", आणि झोपणार. कॉलेजच्या गेटावर, "वजन कमी करायला पाहिजे." मधला सगळा रस्ता मी उगाच काळजी करायचा.

आता ह्या माणसाचं काम काय, ते सांगतो. मला जेवढं समजलं तेवढंच सांगतो, आणि ते बरोबर हाय, मी त्यांना विचारून घेतलंय.

माणसाच्या मेंदूत थोड्याशा पेशी असतात, त्यांचं काम दिवसभर बाकीच्यांना हाका मारायचं. जागे राहा, जागे राहा. सरांच्या हाका मारणाऱ्या पेशी कॉलेजात शिकत असतानाच मेल्या. का मेल्या, कुणाला पक्कं माहीत न्हाई. पण ऐकणाऱ्या पेशी जिवंत हायेत, आणि त्यांच्यावर बारीक-बारीक कान असतात. सर त्याला रिसेप्टर म्हणायचे. "हाक मारणारे गेले मामा, कान शाबूत आहेत. बसलेत वाट बघत."

"मग डॉक्टर गोळ्या देतेत त्या?"

"त्या चाबूक आहेत. घोडं पळतं, पण चाबकानं. मला हाक पाहिजे."

खरी हाक असते ती लई मोठी वस्तू. गिळली तर पोटातच पचून जाते, आणि सुईनं रक्तात सोडली तरी मेंदूच्या दारातून आत जात न्हाई. म्हणून तिच्यासारखं काम करणारं, पण बारकं असं काहीतरी पाहिजे. तेवढं बारकं, की दारातून गुपचूप जावं आणि त्याच कानात बसून हाक मारावी. सर तसल्या पावडरी करायचे. एक झाली की दुसरी, बारक्या काचेच्या बाटल्यांत, वर नंबर. आणि कॉलेजातल्या एका खोलीत ते कान बसवलेल्या पेशी पाळलेल्या होत्या. पावडर टाकायची, कानानं ऐकलं तर पेशी उजेड देते. न्हाई ऐकलं तर अंधार. वर्षानुवर्षं अंधारच होता.

पेशी ठेवायची पेटी माणसाच्या अंगाएवढी गरम लागते. मी म्हणलं, सर, नांदेडात मे महिन्यात पेटी कशाला? खिडकीत ठेवा. तर म्हणाले, खिडकीत त्या शिजतील. म्हणून आधी मशीन लावून खोली थंड करायची, मग त्या थंड खोलीत गरम पेटी ठेवायची. मी म्हणलं, ह्याला शिक्षण लागतं व्हय! सर डोळे मिटून लिथियमपर्यंत गेले.

आणि एक सवय. कुठलीही पावडर बघायची असली, की ते दोन ताटल्या मांडायचे. एकीत कान असलेल्या पेशी, दुसरीत बिनकानाच्या. त्यांना आम्ही बहिऱ्या म्हणायचो. बहिऱ्यांनी बी उजेड दिला तर ती हाक न्हाई, ती पावडरच लबाड. ही बहिऱ्यांची ताटली त्यांच्या डोक्यात इतकी बसली होती, की घरात बी तेच. वैनींनी नवा चहा आणला तर एका कपात नवा, एका कपात जुना, आणि डोळे मिटून प्यायचे. वैनी म्हणायच्या, "मला बी एक दुसरी आणून बघा, म्हंजे कळंल." त्यावर सर म्हणाले, "हसलो समजा," आणि भिंत धरली.

मी एकदा माहूरला गेलो तेव्हा रेणुकामातेचा अंगारा आणला त्यांच्यासाठी. हात जोडून घेतला. पंधरा दिवस रोज लावला, पुढचे पंधरा दिवस लावला न्हाई, आणि वैनींना सांगितलं, माझी झोप बघत जा. मग मला म्हणाले, "मामा, झोप दोन्ही वेळा सारखीच आली."

मला लई राग आला. "देवीची परीक्षा घेताव?"

"देवीची नाही. माझी."

"तुम्ही मनात शंका ठेवून लावला, म्हणून."

सरांनी अंगाऱ्याची पुडी नीट घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "हे मात्र मी तपासू शकत नाही. इथं तुम्ही जिंकलात." तेव्हापासून मी जिंकलेलो हाय, आणि अजून बी माझं म्हणणं तेच हाय.

तीन वर्षं अशी गेली. मग गौरीचं लग्न ठरलं. मुलगा लातूरचा, लग्न लातूरलाच, मे महिन्यात. सर ऑटोत म्हणाले, "मामा, लग्नात उभं राहायचंय मला. अक्षता पडेपर्यंत तरी. मुलीच्या लग्नात बाप आडवा पडलेला चांगला दिसत नाही." असं म्हणाले आणि झोपले. ह्या वेळी वाक्य पुरं करून झोपले.

आणि लग्नाच्या आधी महिनाभर, दुपारी मी त्यांना आणायला गेलो तर खोलीत सर त्या उजेड मोजायच्या मशीनपुढं जमिनीवर पडलेले. मला वाटलं कुणीतरी विनोद सांगितला. खोलीत कुणीच न्हाई. मी मान मांडीवर घेऊन बसलो. मशीनच्या पडद्यावर एक रेघ होती, सरळ चालली होती आणि एकदम माहूरच्या गडासारखी वर गेली होती.

सर उठले तेव्हा म्हणाले, "ऐकलं, मामा. त्यांनी ऐकलं."

"उजेड कुठाय?" मी सगळीकडं बघितलं. मला वाटलं होतं दिवाळीसारखं काहीतरी असेल.

"डोळ्यांना दिसत नाही. मशीनला दिसतो." आणि उभे राहिले. "आता बहिऱ्यांची ताटली."

मी म्हणलं, "सर, आज राहू द्या. आज आनंद करा." म्हणाले, "आनंद केला, म्हणूनच तर खाली होतो." बहिऱ्यांची ताटली झाली ती दुसऱ्या दिवशी. मी मुद्दाम थांबलो बघायला. रेघ सरळ. अंधार. एवढा आनंद मला माझ्या आयुष्यात अंधाराचा झाला न्हाई. सरांनी आधीच खुर्चीत बसून घेतलं होतं, म्हणून नुसती मान पडली. मग आठवडाभर ते पुन्हा-पुन्हा तेच करत राहिले. दर वेळी तसंच.

आता गाठ पडली ती इथं.

औषध बाटलीत. आजारी माणूस समोर. लग्न तोंडावर. मी म्हणलं, "सर, घ्या की चिमूटभर. तुमच्याच हातानं केलेलं हाय. पाहिजे तर मी बी घेतो तुमच्यासंगं."

"मामा, त्या ताटलीतल्या पेशींना ना काळीज आहे ना लिव्हर. त्या जाग्या झाल्या म्हणून माणूस खाऊन जिवंत राहील, असं कोण म्हणतं? आधी उंदीर. मग अजून बरंच काही. माणूस शेवटी."

"तुम्ही स्वतः डॉक्टर."

"नुसता रसायनाचा डॉक्टर. आणि समजा, मी खाल्लं आणि लग्नात पडलो नाही. कशावरून पावडरनं? मुलीच्या लग्नाच्या काळजीनंही माणूस ताठ उभा राहतो. मग मला असाच दुसरा एक मन्मथ तोंडारे लागेल, पावडर न खाल्लेला, त्याच मांडवात, त्याच मुलीचा बाप. तो कुठून आणू?"

मी म्हणलं, "वैनी एकच सांभाळून बेजार हायेत." सरांनी डोळे मिटले. हायड्रोजन, हेलियम. पण मी हट्ट सोडला न्हाई, रोज जाता-येता म्हणत राहिलो. आणि एके दिवशी सरांनी 'नाही' म्हणलंच न्हाई. खिडकीतून, म्हणजे ऑटोच्या बाजूनं, गोदावरीकडं बघत राहिले. झोपले बी न्हाईत. ते मला बरं वाटलं न्हाई.

वैनींनाही वाटलं न्हाई. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "मामा, ह्यांनी ती बाटली कॉलेजातून घरी आणलीय. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हैद्राबादला न्यायची म्हंतेत, उंदरांसाठी. मग आज घरात कशाला? मी विचारलं तर म्हंतेत, तिथं खोलीची किल्ली तिघांकडं हाय. कपाटात ठिवली, परवा बघते तर कपाटात न्हाई, खिशात. मला रात्री डोळा लागंना. तुम्ही संगं राहा. खिशावर नजर ठिवा."

ज्या माणसानं 'खा, खा' म्हणलं त्यालाच पहारा! पण वैनींपुढं न्हाई म्हणायची माझी काय, कुणाचीच हिंमत नव्हती.

लातूरला आम्ही जीप करून गेलो. सर वाटेत झोपले, लोह्याजवळ, मग अहमदपूरजवळ, मग लातूरच्या अलीकडं. तिथवर ठीक. पण मंगल कार्यालयात उतरले ते असे, की मी बघतच राहिलो. रेशमी धोतर, फेटा, डोळे लखलखीत. पाहुण्यांना नमस्कार, व्याह्यांना मिठी, जेवणाच्या पंगतीकडं लक्ष. दोन तास झाले, माणूस बसायला तयार न्हाई. आणि कुर्त्याच्या खिशात बाटलीचा उंचवटा.

वैनी नवरीला सावरायचं सोडून खांबाआडून सरांकडं बघत होत्या. तोंडाचा रंग गेलेला. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "घेतलं ओ मामा. घेतलं त्यांनी. आता काळजाला काय झालं तर?"

मी सरांना बाजूला ओढलं. "सर, खरं सांगा. खाल्लं का?"

"मी नाही म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवाल?"

"न्हाई."

"हो म्हटलं तर?"

"ठेवीन."

"मग हा प्रश्नच बरोबर नाही," म्हणाले आणि व्याह्यांकडं गेले. मला वाटलं तिथंच त्यांचा फेटा ओढावा.

अक्षता पडल्या. सर उभे. ताठ. तोंड असं, की कुणाला वाटावं मुलगी देतोय की जमीन सोडतोय. मी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला व्याही. मग फोटो. फोटोवाला लातूरचाच, तोंडाळ.

"नवरीचे पप्पा, जरा हसा."

सरांनी ओठ थोडेसे ताणले.

"हसा की ओ! दात काढायला आलाव का बसवायला?"

व्याही हसले. सगळा मांडव हसला. सरांचे डोळे मिटले, ओठ हलायला लागले. मी मोजून राहिलो, हेलियम गेलं, लिथियम गेलं.

"पप्पा, डोळे उघडा! मुलगी जावयाला दिलीय, मला न्हाई!"

मी त्या फोटोवाल्याला मारणारच होतो. तेवढ्यात गौरी, हिरव्या चुड्यातली, मुंडावळ्या बाजूला सारून बापाच्या कानाशी आली. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"अप्पा, हसा. मी धरते."

सर हसले.

तीन वर्षांत मी पहिल्यांदा त्यांचं सगळं हसू बघितलं. पुढच्या दोन दातांत फट हाय, ते मला त्या दिवशी कळलं. एक क्षणभर. मग जबडा सुटला, मान गेली, गुडघे मिटले, आणि फेट्यासकट माणूस आमच्या हातांवर. मी एका काखेत, व्याही दुसऱ्या, गौरीनं पुढून मिठी मारलेली.

मांडवात एकदम गलका. कांदा आणा, पाणी आणा. आणि त्या सगळ्या गलक्यातून वैनी वाट काढत पळत आल्या, शालू सावरत, आणि ओरडल्या, "पडले! मामा, पडले की ओ!"

नवऱ्या मुलाकडच्या बायका बघतच राहिल्या. जावयाची आत्या तर मला म्हणाली, "बाई हाय का कोण? नवरा पडला तर हसू लागली!" वैनी हसत होत्या, रडत बी होत्या, आणि सरांचा फेटा सारखा करत होत्या. "न्हाई घेतलं," म्हणत होत्या, "न्हाई घेतलं ओ ह्यांनी."

सर उठले. सगळं ऐकलेलं होतंच. वैनींकडं बघून म्हणाले, "आता पटलं? सकाळी जीपमध्ये तीनदा झोप काढली, म्हणून ताजा होतो. साधी झोप." मग फोटोवाल्याकडं वळले. "निघाला का?"

फोटो निघाला. माझ्याकडं हाय. त्यात सरांचा नुसता फेटा दिसतो, आणि माझा हात.

रात्रीच आम्ही नांदेडला परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना हैद्राबादच्या गाडीला सोडायला नांदेड स्टेशनवर गेलो. खिडकीची जागा मिळाली. बाटली त्यांनी खिशातून काढून मला दाखवली, झाकणावर चिकटपट्टी घट्ट, तिच्यावर त्यांची सही. "अर्ध्या उंदरांना हे," म्हणाले, "आणि अर्ध्यांना नुसतं पाणी."

"कळायला किती दिवस?"

"वर्ष. दोन वर्षं. कदाचित उंदीरही नाही म्हणतील."

"मग?"

"मग पुढचा नंबर." गाडी हलली. मी खिडकीबरोबर चार पावलं चाललो, ते हात करत राहिले, प्लॅटफॉर्म संपेपर्यंत जागे होते.

तिथून मी भाडं न घेता सरळ वैनींकडं गेलो. त्या दारातच उभ्या होत्या.

"बाटली?"

"गेली. भरलेलीच गेली. चिकटपट्टी मी डोळ्यांनी बघितली."

"बसा मामा, चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी बसलो. घरभर लग्नाचं सामान, फुलांच्या माळा, पाटावर नारळ. चहाचा वास आला, पण चहा येईना. हाक मारली, उत्तर न्हाई. डोकावून बघतो तर वैनी ओट्याखाली पाटावर बसलेल्या, डोकं भिंतीला, हातात गाळणी, आणि गाढ झोपलेल्या. महिनाभराची झोप होती ती. मी गॅस बंद केला, दार हळूच ओढून घेतलं, आणि ऑटो चालू न करता गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ढकलत नेला.